शेरा: अस्पष्ट

संडरलंडला सकाळी समुद्राकडून धुकं येतं.
इथे त्याला फ्रेट म्हणतात.
आधी दीपस्तंभ पुसला जातो, मग पूल, मग बसचा नंबर.
आठ वाजता मी हेडफोन चढवते
आणि लोकांच्या घरांत शिरते, चार-चार सेकंदांसाठी.

नाव नसतं, गाव नसतं. आवाज, आणि खाली चौकट.
यंत्राला जे कळलं नाही ते माझ्याकडे येतं,
गाळणीतल्या चोथ्यासारखं.
ग्लासगोचा कुणी यादीत मिल्क टाक म्हणतो,
यंत्र त्याला मिलानचं हवामान सांगतं.
एक जमैकन आजी इतकी सुटी-सुटी बोलते
जणू समोर पोलीस उभा आहे.
एक पोरगा बापाचंच वाक्य अमेरिकन नाकातून पुन्हा म्हणतो,
आणि दिवा लागतो.
बाप काहीच बोलत नाही.
ते न बोलणं लिहायला चौकट नाही.

नियम साधे. इंग्रजी असेल तर टाइप करायचं.
नसेल तर कोड चार, पार्श्वध्वनी:
कुत्रं, कुकरची शिट्टी, पाऊस, परभाषा.

मी वाशिमची. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या दिवशी
'पानी' म्हणाले आणि अख्खा बाक हसला.
मग वर्षभर आरशासमोर जीभ टाळ्याला लावून
ण घोटला, ण, ण,
इतका की सुट्टीत घरी गेले तर आई म्हणाली,
'पाव्हन्यावानी काहून बोलून राह्यली वं?'
इथे दोन्ही एकच. यंत्राच्या एका एनमध्ये
माझं ते सगळं वर्ष मावतं, वर जागा उरते.
आणि घरच्या सुवर्नाला, पुण्याच्या सुवर्णाला
इथे सू म्हणतात. वाद मिटला.

गुरुवारी, साडेअकराच्या सुमारास, एक बाई.
'टर्न ऑन द हीटर.'
थांबली. 'टर्न ऑन हीटर.'
'हीटर. हीटर!'
मग दूर जाता जाता, कुणाला उद्देशून नाही:
'आवं माय, याले तं कायीच आयकू येत नाई.'

मी क्लिप परत लावली.
तीनपेक्षा जास्त वेळा लावता येत नाही.
तिसऱ्यांदा ऐकलं, मागे कुठे चमचा पडला होता.
बोट कोड चारवर होतं.
मग चौकटीत तिचं वाक्य लिहिलं, रोमन अक्षरांत,
कारण दुसरी अक्षरं तिथे उमटतच नाहीत.
'नाई'चं 'नाही' केलं नाही.
ओळ लाल झाली.

ओळ लाल झाली की मॉरीन हेझलडीन उठून येते.
तिचा बाप गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकायचा.
पन्नाशीत ठार बहिरा; घरात सगळे हातांनी बोलायचे.
तिच्या घरचं यंत्र तिला अजून तीन-तीनदा विचारतं,
आणि इथे ती आमची सुपरवायझर.
'काय म्हणतेय गं ती, पेट?'
(पेट म्हणजे बाळ. ती टपालवाल्यालाही पेट म्हणते.)
मी सांगितलं.
मॉरीन हसली नाही. 'बरोबर आहे तिचं,' म्हणाली,
आणि ओळ मंजूर करून
सँडविच खायला गेली.
वर कुणीतरी ती पुसेल. पुसलीही असेल.

संध्याकाळी खोलीवर आले, भिंतीवरचं बटण हाताने दाबलं.
किटली भरली.
'पानी,' मोठ्याने म्हटलं,
येतं का अजून, बघायला.
येतं.
पहिल्यांदा जरा अडखळलं.

त्या बाईचा हीटर शेवटी लागला का,
ते क्लिपमध्ये नव्हतं.