नमुन्याचे चौकोन

भिवापूरच्या दुकानातून शेड कार्ड आणलं,
लग्नाच्या अल्बमएवढं जाड.
देवचंद म्हणाला, जपून पाय, वापस द्याचं आहे.
तीन रात्री ते आमच्या दोघांच्या मधोमध झोपलं.

एकट्या पांढऱ्याची त्यात सतरा नावं.
मला पांढरे दोनच ठाऊक :
एक पोताऱ्याच्या मातीचा,
दुसरा कापसाचा, तोही वेचायला उशीर झाला की मळका.

समीक्षाला जांभळा हवा,
मैत्रिणीकडे आहे म्हणून.
देवचंदला असा, की डाग दिसू नयेत.
म्हणजे मातीचाच की, मी म्हटलं,
मग माती सोडली कायले?
तो हसला नाही.
तपकिरीच्या पानावर बोट ठेवून बसून राहिला.

शालिक पेंटरनं समोरच्या खोलीत
हातभर लांबरुंद सहा चौकोन काढून दिले.
मोहल्ला येऊन मत देऊन गेला.
हा दवाखान्यावानी वाटते.
हा ग्रामपंचायत.
दुर्पताबाई नाकाला पदर लावून
"वासच लय येते व माय" एवढंच बोलली
आणि तरी अर्धा तास उभी राहिली.

मग शालिकनं पिशवीतून दातेरी पट्टी काढली.
"ताई, हे पाय. नागपूरले हेच चालू आहे सध्या."
पुट्टीचा जाड थर दिला, मनगट वळवलं,
भिंतीवर अर्धा चंद्र उमटला.
त्याच्या बाजूला दुसरा,
दोघांच्या खांद्यावर तिसरा.
"पन्नास रुपये फूट," तो म्हणाला.

मी बांगड्या वर सरकवल्या.
घमेल्यातली ओली पुट्टी पंज्यात घेतली
आणि ओढली
डावीकडून उजवीकडे, बोटं जराशी फाकवून,
जशी जुन्या घरी ओढत आले, सणावाराला, आठवड्याला,
पोटात समीक्षा होती तेव्हाही.
शेण नव्हतं, वास नव्हता, तरी हाताला वळण माहीत होतं.
मनात फुटांचा हिशेब मांडला,
अठरा वर्षांचे किती पन्नास,
आकडा अंगावर यायला लागला तसा सोडून दिला.

शालिक चष्मा कपाळावर चढवून
भिंतीजवळ गेला, लांब आला, पुन्हा जवळ गेला.
"ताई," म्हणाला, "रोजी किती घेसान?"

रंगाचं मात्र अडलंच.
मी विचारलं, पऱ्हाटीच्या फुलाचा आहे का?
"पिवळा का गुलाबी?"
तेच तर.
आज पिवळट, उद्या गुलाबी, परवा मातीत.
कार्डात तो कुठल्याच पानावर नव्हता.
शेवटी पिवळट घेतला, इंग्रजी नावाचा,
नाव मी वाचलं आणि विसरले.
समीक्षाला आतल्या खोलीत एक भिंत जांभळी.
माझ्या हाताचा तेवढा तुकडा शालिकनं पुसला नाही,
वरूनच रंग दिला.

फेब्रुवारीत अंगणात मिरची वाळत घातली.
दुपार कलली होती, मी सूप घेऊन दारात.
ऊन मिरचीवर पडून उडालं, उंबरठा ओलांडून आत गेलं
आणि समोरची भिंत गुलाबी झाली.
एकेक अर्धचंद्र आपापली सावली घेऊन उठून बसला.

देवचंदला हाक मारणार होते,
पण तो खाटेवर शिंकत होता, एकापाठोपाठ एक,
डोळ्यांतून पाणी.
म्हटलं, राहू दे. उद्या पाहील.
मिरची अजून आठ दिवस आहे.