शेवटचं जाळल्याची तारीख

तेराव्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे,
म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
'पाचट यापूर्वी शेवटचे कधी जाळले? दिनांक.'

तवनाप्पा मगदुमांनी खुर्ची मला दिली
आणि स्वतः बसले मोटारीच्या पेटीवर.
शिरोळच्या अलीकडचं हे काळं रान, दीड एकर खोडवा.
ऊस तुटून नऊ दिवस झालेले,
सरीसरीत पोटरीएवढं पाचट,
त्यातून कोंब कुठे कुठे, पोपटी, टोकदार.
एकरी तीन हजार देणार आहे सरकार,
जाळायचं थांबवल्याबद्दल.

'तारीख सांगा काका.'
'कशाची?'
'जाळल्याची.'
'न्हाई की जाळलं.'
'गेल्या वर्षी?'
'न्हाई.'
'त्याच्या मागं?'
त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
'एकदाच काडी वडली मॅडम. थोरलीच्या लग्नाच्या आदल्या साली.
सकाळी राखंत बगितलं तर लावरी बसलेली.
अंड्यांवरनं उठलीच न्हाई.'
थोरलीचा मुलगा यंदा बारावीला आहे.
फोनमधलं कॅलेंडर पाच वर्षांमागे सरकत नाही.
मी तीनदा सरकवून बघितलं.

बांधापलीकडे बाबगोंडाचं रान काळंभोर.
त्यानं दरसाल जाळलंय, यंदा शेवटचं, असं त्यानं लिहून दिलंय,
त्याचा अर्ज सात मिनिटांत गेला.
तिथूनच ओरडला तो,
'तवनूमामा, कडंच्या दोन सऱ्या पेटवा की!
फोटू काढा, आन् फुडच्या वर्षी सोडल्यालं दावा!'
तो हसला. मीही हसले.
नंतर लक्षात आलं, नियमाप्रमाणे
त्याचं बरोबर आहे.

एकतीस तारखेपर्यंत चाळीस हेक्टर करायचेत मला.
झालेत एकोणचाळीस आणि थोडे गुंठे.
साहेब रोज आठ वाजता आकडा मागतात,
आकड्याखाली अंगठ्याचं चित्र टाकतात किंवा टाकत नाहीत.
मी आवाज खाली घेतला.
'काका, मी टाकते एखादी तारीख.
दोन वर्षांपूर्वीची. कोण बघतंय?'

'बगत्यात की,' म्हणाले.
मला वाटलं आता वर बोट करतील.
त्यांनी पायानं पाचट बाजूला केलं.
खाली ओल होती, मार्चच्या उन्हात.
पांढरी बुरशी, दोऱ्यासारखी.
दोन गांडुळं, एक अर्धवट, घाईत आत जाणारं.
नखाएवढं बेडकाचं पिल्लू
माझ्या बुटाकडे तोंड करून बसलं
आणि गळा हलवत राहिलं.
'माज्या नावावर जाळ नको मॅडम.
कागदावर बी नको.'

पैशाचं त्यांनी विचारलं नाही असं नाही.
विचारलं. साडेचार हजार होतात, हिशेबही तोंडी केला.
पाइपलाइनचा एक तुकडा बदलायचा होता.
'ऱ्हाऊ दे मग,' म्हणाले,
आणि जेवायला थांबा म्हणाले,
दिवस मावळायच्या आत असतं त्यांच्यात, लवकरच वाढतील.
भाकरी, वांग्याशिवायची भाजी, ताक.
त्यांच्या बायकोनं डब्यात काकवी दिली,
वर फडक्याचा तुकडा बांधून.

कोल्हापूरच्या वाटेवर अंधार पडला
आणि दोन्ही बाजूंना फड पेटलेले दिसू लागले.
एक हातकणंगल्याच्या अलीकडे.
एक रेल्वे लाइनला लागून, उंच, तडतडणारा.
काळे तुकडे उडत आले ओढणीवर,
चिमटीत धरले की बोटांवर फक्त डाग.
मी गाडी चालवता चालवता मोजत होते,
हा एक पात्र लाभार्थी, पुढच्या वर्षीचा.
हा दुसरा.
तिसरा ओढ्यापलीकडे, निम्मा विझलेला.
सतरापर्यंत मोजले, मग टोल आला.

तवनाप्पांचा अर्ज मी रद्द केला नाही.
पुढेही पाठवला नाही.
रोज सकाळी, साहेबांच्याही आधी,
फोन मला आठवण करतो:
आपला एक अर्ज अपूर्ण आहे.
कृपया जाळल्याचा दिनांक भरा.