पिंप क्रमांक एकसष्ट

दोनशे चौदा बाटल्या निघाल्या पिंपातून.
बस, तेवढ्याच.
लेबलवर आकडे हातानं घाल, लॉकलन म्हणाला,
हातचं अक्षर असलं की किंमत चढते.
म्हणून मी, बाटल्या भरायच्या गारठलेल्या खोलीत
बोटांवर फुंकर घालत
एक ते दोनशे चौदा.
सदुसष्टला शाई फुटली.
ज्याच्याकडे ती जाईल त्यानं समजून घ्यावं, तो सातच आहे.

खोक्यावर छापलंय: धूर, समुद्राचं मीठ, करपलेलं संत्रं,
आणि शेवटी 'जुन्या चामड्याची आठवण'.
छापणाऱ्याला काय आठवणार.

तो धूर टॉरमडचा आहे.
त्या वर्षी यंत्र बिघडलं,
आणि मे महिन्यात तो एकटा दलदलीत उतरला,
लांब दांड्याच्या फाळानं पीट कापायला:
काळी, लोण्यासारखी कापली जाणारी माती,
हजारो वर्षं अर्धवट कुजलेलं शेवाळ, हेदरची मुळं,
मधेच एखादं सबंध पान,
वारा लागेपर्यंत हिरवं.
विटा पाडल्या, एकमेकींना टेकवून वाळवल्या,
भट्टीत घातल्या, आणि वर पसरलेल्या ओल्या बार्लीला
दीड दिवस धुरी दिली.
पुढच्या मे महिन्यात फाळ भिंतीला टेकलेलाच राहिला.

पिंपात व्हिस्की एकोणीस वर्षं पडून होती.
एफीआत्यानं तेवढ्यात तीन कुत्री पुरली.

नऊ नंबरची बाटली तिला,
कंपनीकडून, रिबिनीसकट.
एडिंबरोचे डॅल्गलीश बोटीनं आले,
ओले बूट दाराशी काढून, खुर्चीच्या कडेवर बसून
त्यांनी एक आकडा सांगितला.
छप्पर नवं होऊन वर कोळशाचे दोन हिवाळे निघतील एवढा.
अट एकच, बूच शाबूत हवं.

आत्यानं बूच काढलं.
केवढासा तो आवाज.
कुत्र्यानं मान वर केली, पुन्हा ठेवली.

मग त्यांनाच शिकवायला बसली:
'बर्फ मागू नका, जीभ बहिरी होते.
पेला मुठीत धरा, कोंबडीखालचं अंडं धरतो तसा.
घाई कसली, बोट उद्या सकाळी आहे.
नाक खुपसू नका, भाजेल.
तोंड जरासं उघडं ठेवून वास घ्या,
झोपलेल्या माणसासारखं.
पहिला घोट एवढासाच, ओळखीपुरता.
त्यावर मत द्यायचं नाही.
आता पाणी. विहिरीचं. चमच्यानं.
एक थेंब, दोन... पुरे, पुरे!
आत कशा वेली सुटल्या बघा तेलाच्या.
थांबा म्हटलं ना.'

डॅल्गलीश थांबले.
दुसऱ्या घोटाला धूर आला.
आधी दवाखान्याचा, आयोडीन आणि पट्ट्या,
मग डांबर लावलेल्या दोरखंडांचा,
मग फार मागून, गोडसर,
कुणीतरी पावसातून घरी आलंय
आणि लोकरीचा कोट चुलीपाशी वाळत घातलाय.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मी लेबलवरचा माझा नऊ बघत बसले,
शेपटी जरा लांबलीच होती.

'आता हिला गिऱ्हाईक नाही,' डॅल्गलीश म्हणाले.
'आहे की,' आत्या म्हणाली, आणि त्यांचा पेला भरला.

निजायच्या आधी मी पेले उचलले,
तिनं मनगट धरलं.
आज धुवायचे नसतात.
रात्रीत मद्य उडून जातं, धूर तळाला बसतो.

सकाळी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा
ती रिकामा पेला घेऊन खिडकीशी उभी होती.
मला बोलावलं नाही, मीच गेले.
तिनं पेला माझ्या नाकाशी धरला:
गार राख, जराशी ओल,
तळाशी कुठेतरी मध.

'फाळ कधी धुवून ठेवला नाही यानं,' ती म्हणाली.
'किती वेळा सांगितलं.'