पिनांगचा गठ्ठा

पेटीच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात,
भिवाकाकाने आणलेला गठ्ठा:
खरखरीत पिवळा कागद, आणि मधोमध
विड्याच्या पानाएवढा सोनेरी वर्ख.

जहाजाच्या भटारखान्यात त्याच्या जोडीला लिम होता.
सातव्या महिन्यात धक्क्यावर पत्र्याच्या डब्यात
लिम हे जाळायचा,
ज्यांना कुणी वाढत नाही त्या भुकेल्या मेलेल्यांसाठी.
"तिकडे हेच चालतं," म्हणायचा.
काका विचारायचा, "सुटे देतात काय रे?"

काका गेला. गठ्ठा राहिला.

यंदा सर्वपित्रीला हर्णैत
तीन नंबरचा बावटा, अकरावा दिवस.
होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आत घेतलेल्या,
त्यांवर नेपाळचे खलाशी, पाण्यात डाळ शोधणारे.
मासळी नाही तर वाटा नाही,
वाटा नाही तर दुकानदार मान वर करत नाही.
आणि आमच्या कौलांवर वडे, खीर, गवारीची भाजी.
कावळेसुद्धा जडावून माडावर बसलेले.

मी गठ्ठ्याची सुतळी सोडली. दारोदार गेले.
कागदावर आपल्या माणसाचं नाव लिहा,
त्याच्या नावाने शेरभर तांदूळ घाला.
कागद त्याला. तांदूळ खाडीत.

जानकी पावसे म्हणाली,
"चिन्यांचा कागद माज्या सासऱ्याला कसा गो पोचायचा?"
म्हटलं, कागद चुकला तरी तांदूळ चुकणार नाही.
ती हसली नाही. पण शेर शिगोशीग भरला.
इसाक मुकादमांनी कागद घेतलाच नाही,
"आमच्यात हे नाही," म्हणाले, आणि अर्धं पोतं
स्वतः हातगाडीवर चढवलं.
एकीने कागद कोराच परत दिला.
नाव ठेवायच्या आधीच गेलं होतं.

लिम आहे की गेला, मला ठाऊक नाही.
म्हणून त्याचं नाव लिहिलं नाही,
शेर तेवढा टाकला.

संध्याकाळी पुळणीवर रॉकेलच्या डब्यात कागद पेटवले.
कागद भुर्रकन जातो, वर्ख मागे रेंगाळतो.
होडीवरून भाताची वाफ यायला लागली होती.
दिलबहादूर आला, हात धोतरासारख्या पंचाला पुसत,
"दीदी, एक मेरी माँ के लिए."
दिला. त्याने नाव त्याच्या लिपीत लिहिलं,
ती आपलीच निघाली.
मग खिसे चाचपले, काही नव्हतं,
तसा धावत होडीवर गेला
आणि आम्हीच दिलेल्या तांदळातली
एक मूठ आणून
पोत्यात परत घातली.