रिकाम्या जागा भरा

क्लिनिकमधल्या इजिप्तच्या बाई 'ज'चा 'ग' करतात.
"रुगुता!"
मी उठले.
मध्ये एक 'ण' घातला असता
तर निदान बाहेरच झालं असतं,
फी वाचली असती.

आत सिस्टर शायनी.
कागदावर बोट ठेवून म्हणाली, अकरा.
तीस तरी हवं.
काय? तर ड जीवनसत्त्व.

मी खिडकीकडे पाहिलं.
काळी फिल्म लावलेल्या काचेपलीकडे
शारजा पांढरंफटक तापलेलं,
गाड्यांच्या टपांकडे बघवत नव्हतं.
सेहेचाळीस अंश.
आणि माझ्यात ऊन कमी.

पाचवीत होता हा प्रश्न.
कोवळ्या उन्हातून आपल्याला ........ जीवनसत्त्व मिळते.
मी झोकात 'ड' लिहिला होता.
एक गुण.
'कोवळ्या'खाली रेघ मारायला हवी होती,
ते राहिलं.

हॉस्टेल, बस, वर्ग, लायब्ररी, बस, हॉस्टेल,
सगळीकडे तीच एक हवा, अठरावर गोठवलेली.
पहाटे चारला झोप.
नाश्ता बुडीत खाती.
दुपारी करक चहा
आणि पराठ्यात चुरलेले चिप्स.
रात्री देवरुखहून आईचा फोन.
तो असा धरायचा की चेहऱ्यावर दिवा पडू नये,
मागचं वेळापत्रक मात्र दिसावं.
"जेवलीस?" "हो."
"काय?"
इथे थांबायचं नाही.
वरणभात, असं झटकन म्हणायचं.

तीही काही कमी नाही.
"माझा गुडघा अगदी बरा आहे" म्हणते,
आणि कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी
बामच्या बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज येतो.

जिन्यावर पाय भरून यायचे.
मोरीच्या जाळीत केसांची गुंतवळ.
आधी वाटलं, अभ्यास.
मग वाटलं, घराची आठवण.
आठवण म्हणून मी दोन महिने जे सोसलं
त्यातलं निम्मं तरी
रक्तात मोजता येत होतं.
थोडा रागच आला.
मग, खरं सांगते, हायसं वाटलं.

इस्रा माझी रूममेट, ओमदुर्मानची.
तिचा घरी फोन आठ आठ दिवस लागत नाही.
तिनं रिपोर्ट वाचला, घडी घातली,
म्हणाली, उद्या सहाला. बूट घाल.
एवढंच.

सहाला ऊन होतं.
तिरकं, पिवळसर,
अंगावर घेता येईल इतपत.
रस्त्याकडेच्या खजुरांना नळी लावून
लिंगन्ना उभा. निजामाबादचा.
डोळे सोडून सगळं फडक्यात गुंडाळलेलं.
"दुपारी पाणी घातलं की मुळं शिजतात," तो म्हणाला.
आणि तुम्ही?
"साडेबारा ते तीन बंद. कायदा आहे.
बाकीचं ऊन आमचंच."
माझे अकरा मी त्याला सांगितले नाहीत.
उन्हाची वाटणी कुणी केली, तेही विचारलं नाही.
नुसती चालत राहिले,
बाह्या कोपरापर्यंत सारून.

दर शुक्रवारी एक गोळी.
मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी.
गिळण्याआधी उजेडात धरते,
सवय लागली आहे.
चिप्स सुटलेले नाहीत.
झोप एकवर आली आहे, कधी दोनवर.

काल राइस कुकरमध्ये मुगाची खिचडी लावली.
खाली लागली.
इस्रानं खरवडून खाल्ली, वर दही मागितलं.
फोन आला तेव्हा मी दिव्याखालीच बसले होते.
"जेवलीस?"
हो.
"काय?"
मी कॅमेरा करपलेल्या भांड्यावर नेला.
मग म्हटलं, आई, अकरा आहे.
मग सगळंच सांगितलं, केसांचंही.

ती बराच वेळ बोलली नाही.
मला वाटलं, नेटवर्क गेलं.
मग तिच्याकडचं चित्र हललं,
पंखा, पडदा, खाटेची कड,
आणि वर्षभरात पहिल्यांदा
मला तिचा गुडघा दिसला.