एकच ओंडका

तौनो रैहा, वय अठ्ठ्याहत्तर, कायानी गाव.
आधी पोटरीत गाठ, मग फुफ्फुसात,
मार्चमध्ये यकृताच्या शिरेत,
जिथे सहसा कुणाचं रक्त गोठत नाही.
स्कॅन स्वच्छ. रक्तकण काठावर, काठाच्या आतच.
फाइल जाडावली. कारणाचा रकाना कोरा.

तरुणपणी तो नदीतून ओंडके नेई.
म्हणाला, "शंभर अडले तरी
आडवा एकच असतो, डॉक्टर.
तो सापडला की बाकीचे निघतात."
मी हसले. मला तो सापडत नव्हता.

निघताना त्याच्या बुटाची नाडी बांधत
ऐला, त्याची मुलगी, सहज बोलून गेली:
बाबा सौनात येत नाहीत हल्ली,
दोन हिवाळे झाले.
का?
तो ओशाळला. "खाज.
गरम पाणी पडलं की अंगभर मुंग्या.
म्हातारपण, दुसरं काय."

मी पुन्हा खाली बसले.
त्याचे तळवे उताणे केले. लालबुंद.
इतके महिने मी तो रंग
थंडीच्या नावावर मांडत आले होते.

मज्जेतल्या बिघाडाचं नाव
कागदावर यायला अकरा दिवस लागले.

पहिल्यांदा रक्त काढलं तेव्हा
भरत चाललेल्या पिशवीकडे बघत
तो हळूच म्हणाला,
"एवढं जास्तीचं होतं माझ्याकडे?"