हासळी

हासळी म्हणतात या हाडाला,
दागिन्याचं नाव.
सोन्याची माझ्या वाट्याला आली नाही कधी.
आता कातडीखाली आहे एक धातूची,
सात स्क्रूंनी बसवलेली.
थंडीत पहाटे घरात तीच आधी जागी होते.

जामसंड्याच्या उतारावर
चिऱ्यांचा ट्रक चुकवताना स्कूटर घसरली.
टोपलीतले बांगडे रस्ताभर,
आणि त्यांच्यात मी, तशीच, डोळे उघडे.
पहिला विचार आला तो बांगड्यांचा, खरं सांगते.
खानावळीत त्या दुपारी तीस ताटं होती.

सहा आठवडे हात झोळीत.
घरातलं सगळं कमरेपर्यंत खाली उतरलं:
मिठाची बरणी, आमसुलं, चहाचा डबा,
देवाची काडेपेटीसुद्धा.
फळ्यांवर धुळीत नुसते गोल उरले
बरण्यांच्या बुडाचे.

झोळी सुटली तेव्हा वाटलं, हात सुटला.
कुठला सुटतो!
गाळात रुतलेल्या होडीगत,
दोर सोडला तरी जागचा हलेना.

कणकवलीची मुणगेकर, फिजिओ, पंचविशीची असेल नसेल,
पारदर्शक कोनमापक खांद्याला लावून म्हणाली, पंचावन्न.
शाळेत भूमितीत मला पस्तीस होते.
म्हटलं, पास झाले की.
ती हसली नाही. म्हणाली, वाका,
हात लोंबू द्या, त्याचा तो हलू द्या,
तुम्ही हलवू नका.

हेच कठीण.
मागल्या पडवीत वाकते, डाव्या हाताने टेबल धरून,
आणि उजवा, रिकाम्या कळशीसारखा,
सारवलेल्या जमिनीवर
लहान लहान गोल काढत राहतो
कुणासाठी कोण जाणे.

मग भिंत.
दोन बोटं कुर्लीसारखी वर चढवायची,
कळ येईल तिथं थांबून दहा मोजायचे,
पेन्सिलीने रेघ मारायची.
एकदा बोटं कालच्या रेघेच्या खालीच राहिली.
त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही.
गिऱ्हाइकांनी मुकाट्याने वरून घेतलं.

कप्पी विकत आणा, म्हणाली होती.
विहिरीवर होती की,
पंप आल्यापासून गंजत बसलेली.
ह्यांनी तिला ट्रॉलरच्या इंजिनाचं तेल पाजलं,
दोराच्या दोन टोकांना लाकडी मुठी बांधल्या.
डावा खाली ओढतो, उजवा वर जातो,
एक भाऊ दुसऱ्याला माडावर चढवतो तसा,
शिव्या देत.
खाली पाण्यात माझं डोकं, भोवती आभाळ,
आणि त्या आभाळात हळूहळू येणारा एक हात.
तो माझा, हे पटायला वेळ लागला.

तोवर केस हेच विंचरायचे.
दिवसभर इंजिनात हात घालणारा माणूस, नखांत काळं,
वेणी घालतो दोरखंडासारखी,
दोन दिवस सुटायची नाही.
"दुखता?" विचारतात.
खांदा की केस, ते सांगत नाहीत.

माघात एका सकाळी हात मानेमागे पोचला.
अंबाड्याची जागा सापडली, गरम, घामट.
कुणाला सांगितलं नाही.
हे फणी घेऊन आले,
मी पाटावर बसले.

बरण्या वर गेल्या एकेक, आधी हलक्या.
मीठ अजून खालीच आहे.
मुणगेकर म्हणते, एकशे पन्नास.
पुढचे तीस येतील, नाही येतील.

शिमग्याआधी ह्यांनी भिंतीला चुना काढला,
रेघांचा पट्टा तेवढा सोडून,
वीतभर रुंद, बोटांच्या तेलाने मळलेला.
माझ्या शेवटच्या रेघेच्या चार बोटं वर
तिथं आणखी एक रेघ आहे,
जाड, सुताराच्या पेन्सिलीची.
माझी नाही.
मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.
रोज भाताचं आधण ठेवलं की
तिच्याखाली जाऊन उभी राहते.